अधू दृष्टीला संगणकाचे भिंग

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणक आपल्या राज्याच्या कानाकोपऱ्यात जाऊन पोचला आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही पंचायतघरात, मामलेदार कचेरीत वा माध्यमिक विद्यालयात जावे, कोठे तरी त्याचा पडदा उजळलेला दिसतोच. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, विजेचे बिल, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, नोकरीची जाहिरात ही सर्व आता प्रथम पडद्यावर उमटतात व मागाहून कागदावर येतात. पुष्कळदा कागदावर येतही नाहीत. अशा परिस्थितीत ज्याला तो पडदाच नीट दिसत नाही त्याने काय करावे, हा प्रश्न लहान नाही.

संपूर्ण अंध व्यक्तीची अडचण समाजाला निदान दिसते. तिच्या हाती पांढरी काठी असते, तिच्यासाठी ब्रेल लिपी आहे, तिला रस्ता ओलांडून देण्यास कोणीतरी पुढे होतो. परंतु अंध नाही आणि डोळसही नाही असा एक मोठा वर्ग आपल्यामध्ये वावरत असतो. तो चालतो, ओळखीच्यांना हाक मारतो, बसचा रंग ओळखतो. मात्र बसवरील पाटी त्यास वाचता येत नाही. चष्मा बदलून उपयोग होत नाही आणि शस्त्रक्रियेनेही गेलेली दृष्टी परत येत नाही. अशा व्यक्तींसाठी संगणकातच एक साधन बसविलेले असते. पडद्यावरील अक्षरे व चित्रे हवी तितकी मोठी करून दाखविणारे हे साधन होय. या लेखापुरते आपण त्यास ‘पडदा-भिंग’ म्हणू. ते काय आहे, कसे वापरावे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा परिचय ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी बंधुभगिनींना करून देणे हा या पाठाचा हेतू आहे.

एक अनुभव

प्रारंभी एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात प्रसिद्धीचे काम पाहत असता आमच्याकडे एक ज्येष्ठ मुद्रितशोधक होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, अशी त्यांची ख्याती होती. पुढे त्यांच्या हातून चुका होऊ लागल्या. एकदा शेतकऱ्यांसाठीच्या अनुदानाच्या सूचनेत अर्ज करण्याची अखेरची तारीख १९ ऐवजी ११ अशी छापली गेली. अंक लोकांच्या हाती पडला तेव्हा ११ तारीख उलटून गेली होती. मुदत संपली असे समजून काही शेतकरी घरीच राहिले. त्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ पुढच्या महिन्यात कार्यालयात आले व छापील अंक मेजावर ठेवून एवढेच म्हणाले, “साहेब, आमी छापलेल्यावर विश्वास ठेवला.”

मी त्या मुद्रितशोधकांना लेखी खुलासा मागितला. खुलासा आला नाही. दोन दिवसांनी ते स्वतःच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, “साहेब, अक्षर दिसते, अक्षराचे शेपूट दिसत नाही. एक आणि नऊ मला सारखेच दिसतात.” मधुमेहामुळे त्यांच्या नेत्रपटलास इजा झाली होती. दीड वर्ष त्यांनी ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती. निवृत्तीस तीन वर्षे उरली होती, घराचे कर्ज फिटावयाचे होते, आणि डोळे गेले असे समजले की नोकरी जाईल, अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्यांची अडचण सोडविली ती आमच्या कार्यालयातील एका तरुण संगणकचालकाने. त्याने कळफलकावरील दोन कळा एकदम दाबल्या आणि पडद्यावरील मजकूर तिपटीने मोठा झाला. मुद्रितशोधक बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्याच परिच्छेदातील एक चुकलेली वेलांटी दाखवून दिली. पुढे निवृत्तीच्या दिवसापर्यंत ते त्याच मेजावर काम करीत होते. ती सोय ज्या संगणकात होती तो कित्येक वर्षे त्यांच्यासमोरच होता. ती त्यांना ठाऊक नव्हती. आणि मलाही नव्हती. खुलासा मागण्यापूर्वी मी त्यांच्या मेजापाशी एकदाही जाऊन उभा राहिलो नव्हतो, ही माझी चूक येथे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

अल्पदृष्टी म्हणजे काय?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्याने ‘अल्पदृष्टी’ या शब्दाची व्याख्या केली आहे. योग्य तो चष्मा लावूनही दोहोंपैकी अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून अधिक नसून ३/६० पर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी होय. ६/१८ याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्यास जे अक्षर १८ मीटरांवरून वाचता येते, ते वाचण्यासाठी या व्यक्तीस ६ मीटरांवर यावे लागते. ३/६० म्हणजे ६० मीटरांवरचे अक्षर ३ मीटरांवर येऊन वाचावे लागणे. त्याखालील दृष्टीस कायदा अंधत्व मानतो. दृष्टीची तीक्ष्णता बरी असूनही दिसण्याचे क्षेत्र आकुंचित झालेले असू शकते. हे क्षेत्र ४० अंशांहून कमी असून १० अंशांपर्यंत असेल, तर तीही अल्पदृष्टीच समजली जाते.

कारणे अनेक आहेत. उतारवयात नेत्रपटलाचा मध्यभाग झिजतो. अशा व्यक्तीस आजूबाजूचे दिसते, पण ज्याकडे पाहावे तेच पुसल्यासारखे होते. मधुमेहात नेत्रपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. काचबिंदूमुळे कडेकडेची दृष्टी हळूहळू जाते. नेत्रपटलाच्या काही आनुवंशिक विकारांत प्रथम रातांधळेपणा येतो आणि पुढे नळीतून पाहावे तसे दिसू लागते. ज्यांची त्वचा व केस जन्मतःच रंगहीन असतात, त्यांना बहुधा उजेड सहन होत नाही व डोळे स्थिर राहत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ५० लाख व्यक्तींची दृष्टीविषयक दिव्यांगत्वाखाली नोंद झाली. त्या आकड्यात संपूर्ण अंध आणि अल्पदृष्टी असे दोन्ही वर्ग आहेत.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. पडदा-भिंग हा उपचार नव्हे. ज्याला अंधुक दिसू लागले आहे त्याने प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर तो लावावा; मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते. मधुमेही व्यक्तीने काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा नेत्रपटल तपासून घ्यावे. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. परंतु वेळीच औषध सुरू केल्यास उरलेली राखता येते. हे सर्व करूनही जी उणीव राहते तेवढ्यासाठीच हे साधन आहे.

काचेच्या भिंगापासून पडद्यापर्यंत

वस्तू मोठी करून पाहण्याचा जुना उपाय म्हणजे बहिर्गोल भिंग. आपल्या आजोबांच्या पोथीत खुणेसाठी ठेवलेले भिंग अनेकांनी पाहिले असेल. त्याचा दोष असा की, भिंगाची शक्ती वाढवावी तसा त्यातून दिसणारा भाग लहान होतो व डोळा पानाच्या अगदी जवळ न्यावा लागतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सांता मोनिका येथील रँड या संशोधनसंस्थेत सॅम्युएल जेनेन्स्की या गणितज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. जेनेन्स्की यांची स्वतःची दृष्टी बालपणापासून अत्यंत क्षीण होती. कागदावर दूरदर्शनचा कॅमेरा रोखावा आणि त्याची प्रतिमा दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर मोठी करून दाखवावी, अशी ही योजना होती. तीत पांढऱ्यावर काळी अक्षरे उलटी करून काळ्यावर पांढरी दाखविण्याचीही सोय होती. या यंत्राने पुष्कळांना पुन्हा वाचता-लिहिता येऊ लागले.

पुढे संगणक आले तेव्हा कॅमेऱ्याची गरजच उरली नाही. कारण मजकूर मुळातच पडद्यावर होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील एका लहान कंपनीने ‘झूमटेक्स्ट’ ही आज्ञावली तयार केली, ती आजही वापरात आहे. इंग्लंडमधील ‘सुपरनोव्हा’ ही तशीच दुसरी आज्ञावली. या दोन्ही विकत घ्याव्या लागतात. १९९८ साली विंडोज ९८ बरोबर एक साधे भिंग विनामूल्य मिळू लागले. त्यात पडद्याच्या वरच्या बाजूस एका पट्टीत मोठा मजकूर दिसे. पुढील आवृत्त्यांत त्यात सुधारणा होत गेल्या आणि आज विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकात ‘मॅग्निफायर’ या नावाने ते असतेच. त्यासाठी पैसा, परवानगी वा निविदा यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही.

विशालनाचे गणित

साधनाचा उपयोग करण्यापूर्वी त्यामागील गणित ध्यानी घ्यावे. मजकूर दुपटीने मोठा केला म्हणजे तो रुंदीने दुप्पट व उंचीनेही दुप्पट होतो. पडद्याचा आकार मात्र तेवढाच राहतो. यास्तव मूळ पडद्याचा केवळ चौथा हिस्सा एका वेळी दिसतो. चौपट केल्यास सोळावा हिस्सा दिसतो आणि आठपट केल्यास चौसष्टावा. म्हणजे जो अर्ज डोळस मनुष्य एका दृष्टिक्षेपात पाहतो, तो चौपट विशालन करणाऱ्यास सोळा तुकड्यांत पाहावा लागतो. उजवीकडच्या कोपऱ्यातील ‘सादर करा’ ही खूण त्याला सापडत नाही, कारण ती त्याच्या पडद्यावर त्या क्षणी नसतेच.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, जेवढे आवश्यक आहे तेवढेच विशालन करावे. अधिक मोठे म्हणजे अधिक चांगले, असे नाही. दुसरी, अशा व्यक्तीस कामाला अधिक वेळ लागणारच. तो आळस नव्हे व मंदबुद्धीही नव्हे. सोळा तुकडे जोडून एक पान मनात उभे करण्याचे श्रम तो करीत असतो.

प्रत्यक्ष पाठ

आता विंडोजच्या संगणकासमोर बसून पुढील कृती क्रमाने कराव्यात. कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे चार चौकटींच्या खिडकीचे चिन्ह असलेली कळ असते. तिला आपण खिडकीची कळ म्हणू.

१. खिडकीची कळ दाबून धरावी व अधिक चिन्हाची कळ दाबावी. भिंग सुरू होते. पुन्हा अधिकची कळ दाबली की विशालन आणखी वाढते. खिडकीची कळ व उणे चिन्हाची कळ एकत्र दाबल्यास ते कमी होते. मूळ आकार शंभर टक्के मानला तर सोळाशे टक्क्यांपर्यंत, म्हणजे सोळापट, मजकूर मोठा करता येतो.

२. माऊस पडद्याच्या कडेकडे न्यावा. दिसणारा भाग त्या दिशेने सरकतो. कंट्रोल व ऑल्ट या कळा एकत्र धरून बाणाच्या कळा दाबल्यानेही तो सरकविता येतो.

३. भिंगाचे तीन प्रकार आहेत. कंट्रोल, ऑल्ट व इंग्रजी ‘एफ’ या कळांनी संपूर्ण पडदा मोठा होतो. ‘एफ’ ऐवजी ‘एल’ दाबल्यास माऊसबरोबर फिरणारी एक आयताकृती चौकट मिळते, हातात भिंग धरावे तशी. ‘डी’ दाबल्यास पडद्याच्या एका बाजूस मोठ्या मजकुराची पट्टी स्थिर राहते व बाकीचा पडदा मूळ आकारात दिसतो. ज्यांना दिवसभर वाचन-लेखन करावयाचे असते त्यांना बहुधा पहिला प्रकार सोयीचा पडतो. आकडेवारीच्या तक्त्यात एखादाच अंक निरखावयाचा असेल तर दुसरा बरा. स्तंभांची नावे डोळ्यांसमोर ठेवून खालची नोंद वाचावयाची असेल तर तिसरा पाहावा.

४. आपण कोठे आहोत हे समजेनासे झाले तर कंट्रोल, ऑल्ट व सर्वांत लांब अशी जागा सोडण्याची कळ दाबावी. संपूर्ण पडदा क्षणभर दिसतो व दिशा पुन्हा उमगते. नवशिक्यांनी ही कृती प्रथम पाठ करावी.

५. काम संपले की खिडकीची कळ व एस्केपची कळ एकत्र दाबावी. भिंग बंद होते. पुढे त्याच संगणकावर बसणाऱ्यास काहीही अडचण राहत नाही.

भिंगाच्या मांडणीत आणखी एक सोय आहे, ती जरूर तपासावी. पडदा कशाच्या मागे सरकावा हे आपणांस ठरविता येते: माऊसच्या, कळफलकाने निवडलेल्या जागेच्या, की टंकलेखन जेथे चालू आहे त्या खुणेच्या. टंकलेखन करताना खूण एकीकडे व भिंग दुसरीकडे अशी स्थिती झाली तर मनुष्य गोंधळून काम सोडून देतो. तिन्ही पर्याय चालू ठेवले की हा गोंधळ टळतो.

ज्यांची दृष्टी थोडीच अधू आहे त्यांना भिंगाची गरज भासेलच असे नाही. विंडोज दहा व अकरामध्ये ‘सेटिंग्ज’च्या सुलभता विभागात केवळ अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढविण्याची सोय आहे. माऊसचा बाण मोठा व ठळक रंगाचा करता येतो. संकेतस्थळ पाहताना कंट्रोल व अधिकची कळ दाबल्यास तेवढ्या पानावरील मजकूर मोठा होतो आणि पुष्कळ संकेतस्थळांत ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. पान डावीकडून उजवीकडे सारखे सरकवावे लागत नाही, हा त्याचा मोठा लाभ. म्हणून प्रथम हे सौम्य उपाय करावेत व ते अपुरे पडल्यास भिंगाकडे वळावे.

रंग आणि चकाकी

अनेकांना अक्षराच्या लहानपणापेक्षा पडद्याच्या पांढऱ्या उजेडाचा त्रास अधिक होतो. भिंग चालू असताना कंट्रोल, ऑल्ट व इंग्रजी ‘आय’ या कळा दाबल्यास रंग उलटे होतात. पांढऱ्यावर काळे होते ते काळ्यावर पांढरे दिसू लागते. ज्यांना उजेड सहन होत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी एवढी एक कृतीही पुरेशी ठरू शकते. त्याच कळा पुन्हा दाबल्या की रंग पूर्ववत होतात. छायाचित्र पाहताना तसे करावे, अन्यथा माणसांचे चेहरे निळे-काळे दिसतात.

खोलीतील प्रकाशही विचारात घ्यावा. संगणकाच्या मागे उघडी खिडकी असेल तर डोळे दिपतात. पाठीमागे असेल तर तिचे प्रतिबिंब पडद्यावर पडते. खिडकी बाजूस येईल अशा रीतीने मेज वळवावे. यास खर्च नाही, केवळ दोन माणसांचे पाच मिनिटांचे श्रम आहेत.

देवनागरीच्या विशेष अडचणी

परदेशी पुस्तिकांत दिलेली विशालनाची प्रमाणे रोमन लिपीस अनुसरून असतात. आपल्या लिपीची गोष्ट निराळी आहे. रोमन अक्षरे एका ओळीत उभी असतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार येतात, आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय येतात. अर्थाचा फार मोठा भार या वरच्या-खालच्या बारीक खुणांवर असतो. ‘गावात’ व ‘गावांत’ यांत एका ठिपक्याचे अंतर आहे, पण त्याने एक गाव अनेक गावे होतात. ‘दिन’ व ‘दीन’ यांत वेलांटीची दिशा बदलते आणि दिवसाचा दरिद्री होतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष ही अक्षरे एका लहानशा रेषेने वा गाठीने वेगळी होतात. अंकांतील १ आणि ९ यांची कथा वर आलीच आहे. सर्व्हे क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक व तारीख यांत अशी गल्लत झाली तर तिचे परिणाम गंभीर होतात.

यास्तव मराठी मजकुरासाठी इंग्रजीपेक्षा थोडे अधिक विशालन ठेवावे आणि वळणाने साधा, समान जाडीच्या रेषांचा, ओळींत पुरेसे अंतर असलेला टंक निवडावा. जाड-बारीक रेषांचा नक्षीदार टंक शोभिवंत दिसतो. पण अधू दृष्टीस त्यातील बारीक रेषा दिसत नाहीत व अक्षर मोडल्यासारखे वाटते.

दुसरी अडचण आपण स्वतः निर्माण केलेली आहे. कित्येक परिपत्रके टंकलिखित कागदाची छायाप्रत, तिची पुन्हा छायाप्रत आणि मग तिचे चित्र, अशा प्रवासाने संगणकावर येतात. पडदा-भिंग जे आहे तेच मोठे करते. स्वच्छ अक्षर मोठे केले तर स्वच्छ मोठे अक्षर मिळते. फिकट डाग मोठा केला तर मोठा डाग मिळतो. जे परिपत्रक संगणकावरच टंकलिखित झाले आहे ते मूळ मजकुराच्या रूपातच पाठवावे. तसेच ते युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत असावे. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी ती अर्थहीन चिन्हे असतात. त्यामुळे तो मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस तो वाचता येत नाही.

भ्रमणध्वनीवर

ग्रामीण भागात संगणकापेक्षा भ्रमणध्वनी अधिक हातांत आहे, हे उघडच आहे. अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात ‘मॅग्निफिकेशन’ हा पर्याय असतो. तेथे तीन टिचक्यांची खूण निवडून तो एकदा चालू केला की पडद्यावर एका बोटाने लागोपाठ तीनदा टिचकी मारताच मजकूर मोठा होतो, दोन बोटांनी तो सरकविता येतो व पुन्हा तीन टिचक्यांनी पूर्ववत होतो. आयफोनवर ‘झूम’ हा पर्याय चालू केल्यावर तीन बोटांनी दोनदा टिचकी मारावी लागते. याखेरीज भ्रमणध्वनीचा कॅमेरा हेच एक भिंग आहे. औषधाच्या बाटलीवरील तारीख, बसची पाटी वा फळ्यावरील गणित यांचे छायाचित्र घ्यावे व दोन बोटे फाकवून ते मोठे करावे. जेनेन्स्की यांच्या मेजभर यंत्राने जे साधत असे, त्यातील बरेचसे आज खिशातल्या खिशात होते.

मर्यादा

साधनाचे गुण सांगताना त्याच्या मर्यादा लपविणे योग्य नव्हे. ज्यांचे दृष्टिक्षेत्र नळीसारखे आकुंचित झाले आहे त्यांना अतिविशालनाने तोटाच होतो; कारण त्या अरुंद क्षेत्रात अक्षरे आणखी कमी मावतात. त्यांनी अक्षर मध्यम ठेवून रंगांतील फरक वाढवावा. ज्यांना आठ-दहापट विशालन करूनही ओळ वाचण्यास कष्ट पडतात, मान आखडते, डोके दुखते, त्यांनी डोळ्यांवरील भार कमी करून कानांची मदत घ्यावी. ऑस्ट्रेलियात २००६ साली काम सुरू झालेली ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली पडद्यावरील मजकूर बोलून दाखविते व ती मराठीही वाचते. लांब मजकूर कानांनी ऐकावा, आकडे व नावे भिंगाने तपासावीत, अशी विभागणी अनेकांना मानवते. ज्यांची दृष्टी उत्तरोत्तर क्षीण होणार असे तज्ज्ञाने सांगितले आहे, त्यांनी तर ऐकण्याची सवय आताच लावून घ्यावी. उद्याची वाट पाहू नये.

शिक्षकांसाठी

वर्गात पुस्तक नाकाशी धरणारा, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा, ओळ सोडून वाचणारा, उन्हात डोळे मिचकावणारा विद्यार्थी दिसला तर त्यास ‘लक्ष नाही’ असा शेरा देण्यापूर्वी त्याची नेत्रतपासणी व्हावी. लहान मूल ‘मला दिसत नाही’ असे सांगत नाही. कारण इतरांना किती दिसते याची त्याला कल्पनाच नसते. तपासणीनंतर अल्पदृष्टी निश्चित झाल्यास त्यास संगणकाच्या तासाला भिंग लावून द्यावे व ते इतर मुलांसमोर सहजपणे, कौतुक वा कीव न करता लावावे. ज्याच्यापाशी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे अशा बालकास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क उपरोक्त कायद्याने दिला आहे, हेही पालकांस सांगावे.

कार्यालयप्रमुखांसाठी

ज्या भीतीने आमच्या मुद्रितशोधकांनी दीड वर्ष तोंड उघडले नाही, ती भीती निराधार आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम २० असे सांगते की, सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कोणतीही शासकीय आस्थापना कर्मचाऱ्यास सेवेतून काढू शकत नाही व त्यास खालच्या पदावरही आणू शकत नाही. तो पूर्वीचे काम करण्यास असमर्थ ठरला तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह त्यास दुसऱ्या योग्य पदावर नेमावयाचे असते. तसे पद उपलब्ध नसेल तर ते मिळेपर्यंत वा तो निवृत्त होईपर्यंत त्यास अधिसंख्य पदावर ठेवावयाचे असते. त्याच कलमान्वये कामाच्या ठिकाणी आवश्यक त्या सोयी करून देणे हेही आस्थापनेचे कर्तव्य आहे. शासकीय भरतीत एकूण ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाच्या असून त्यांपैकी १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात तर संगणकीय सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे.

म्हणून कार्यालयप्रमुखांनी पुढील चार गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. प्रत्येक संगणकावर भिंग चालते ना हे एकदा पाहावे. काही ठिकाणी सुरक्षिततेच्या नावाखाली अशा सोयी बंद केलेल्या असतात. ज्या कर्मचाऱ्यास गरज आहे त्यास मोठा पडदा द्यावा. कारण पडदा मोठा असेल तर तेवढ्याच विशालनात अधिक मजकूर मावतो. परिपत्रके वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ मजकुराच्या रूपात काढावीत. आणि चौथी गोष्ट, चुका वाढलेल्या कर्मचाऱ्याकडे खुलासा मागण्यापूर्वी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसावे व त्याला पडदा कसा दिसतो ते विचारावे.

समारोप

आपल्या घरी, शेजारी वा कार्यालयात कोणी ‘आता वाचवत नाही’ असे म्हणून वर्तमानपत्र बाजूस ठेवू लागले असेल, तर त्यांना प्रथम डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. परत आल्यावर संगणकासमोर वा भ्रमणध्वनी हाती देऊन बसवावे, वरील पाठातील पहिली कृती करून दाखवावी, आणि दुसरी त्यांची त्यांना करू द्यावी. हात त्यांचाच कळफलकावर असावा. आपण केवळ जवळ असावे. दोन-चार दिवसांत जमेल. प्रथम काही काळ डोके गरगरते, मग सवय होते.

सूचनेतील तारीख स्वतः वाचता येणे, अर्ज स्वतः भरता येणे, आपल्या नावावरील जमिनीचा उतारा दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता आपल्या डोळ्यांनी पाहता येणे, या गोष्टी ज्यांना सहज साध्य आहेत त्यांना त्यांचे मोल जाणवत नाही. दोन कळा दाबून ज्यांना हे परत मिळू शकते, त्यांना त्या दोन कळा कोणी तरी दाखवून देणे एवढेच आता उरले आहे. हा अंक ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकाने निदान एका व्यक्तीस त्या दाखवाव्यात.